लाइटसेबरच्या मुठीतले विसावे शतक

‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या चित्रपटात वृद्ध ओबी-वान केनोबीच्या हाती जे लाइटसेबर दिसते, त्याची मूठ सुटी करून टेबलावर मांडली तर पाच वस्तू पुढ्यात येतात. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश रायफल-ग्रेनेडचे खाचांचे शरीर. दुसऱ्या महायुद्धातील विमानांवर बसवल्या जाणाऱ्या ब्राउनिंग मशीनगनचा बूस्टर, म्हणजे नळीच्या तोंडाशी राहून वायूच्या दाबाने यंत्रणेला जोर देणारा भाग. रोल्स-रॉइसच्या डरवेंट जेट इंजिनातील एक नळी. अमेरिकी वृत्तछायाचित्रकारांच्या फ्लॅशच्या दांड्यावरचा चिमटा. आणि अगदी खाली, बुडाशी, आर्मिटेज शँक्स या ब्रिटिश कंपनीच्या न्हाणीघरातील नळाची चावी.

यांतील एकही वस्तू चित्रपटासाठी घडवलेली नव्हती. खंदकातली लढाई, हवाई युद्ध, जेटयुगाचा आरंभ, वृत्तपत्रांचा सुवर्णकाळ आणि मध्यमवर्गीय घरातला नळ असे अवघे विसावे शतक एका वीतभर लांबीच्या मुठीत एकत्र आले आहे. ते जमले कसे हे जितके रंजक, तितकेच ते उलगडले कसे हेही रंजक आहे. कारण १९७६ साली लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत ही मूठ जोडली गेली, तेव्हा तिच्या भागांची यादी करून ठेवावी असे कोणाला वाटले नव्हते. ती यादी पुढे तयार झाली ती घरच्या टेबलावर, गॅरेजात, माळ्यावर याच मुठीची प्रतिकृती बनवू पाहणाऱ्या हौशी माणसांच्या धडपडीतून.

हा धागा त्या माणसांविषयी आहे. त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणून बाजूला सारणे ही इतिहासाच्या अभ्यासकांची चूक आहे. आणि ते काम पोरखेळ नाही, म्हणूनच त्याला संशोधनाची काही बंधनेही लागू होतात. ती बंधने आज फारशी पाळली जात नाहीत.

आधी एल्स्ट्रीतील प्रसंग. चित्रपटाचे सेट सजवण्याची जबाबदारी रॉजर ख्रिश्चन यांच्यावर होती. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना चकचकीत, नुकतेच कारखान्यातून बाहेर पडल्यासारखे भविष्य नको होते. त्यांना वापरलेले, मळलेले, डागडुजी केलेले जग हवे होते. पैसा तर बेताचाच होता. ख्रिश्चन यांनी विमानांचे भंगार आणले, त्यांतून सेटच्या भिंती सजवल्या. नायक ल्यूकच्या लाइटसेबरसाठी मात्र मनाजोगे काही सापडेना. लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरील छायाचित्रणसाहित्याच्या दुकानात, धूळ खात पडलेल्या एका खोक्यात, त्यांना ग्राफ्लेक्स कंपनीचे जुने फ्लॅशचे दांडे मिळाले. त्यांनी दांड्याच्या खालच्या भागावर काळ्या टी-छेदी पट्ट्या चिकटवल्या आणि चिमट्यात एका खिशातल्या कॅल्क्युलेटरची पारदर्शक बुडबुड्यांची पट्टी बसवली. चित्रपटाच्या इतिहासातील बहुधा सर्वांत ओळखीचे काल्पनिक शस्त्र तयार झाले.

त्या बुडबुड्यांच्या पट्टीकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभीच्या कॅल्क्युलेटरांत लाल प्रकाशाचे अंक असत. बॅटरी लवकर संपू नये म्हणून ते अंक अगदी बारीक ठेवावे लागत आणि ते डोळ्यांना दिसावेत म्हणून प्रत्येक अंकावर एकेक इवलेसे भिंग बसवत. ती भिंगांची ओळ म्हणजेच हे ‘बुडबुडे’. काही वर्षांतच द्रवस्फटिकाचे पडदे आले आणि ही युक्ती कायमची मागे पडली. तंत्रज्ञानाच्या इतिहासातील इतका अल्पायुषी टप्पा कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. प्रतिकृती बनवणाऱ्यांना मात्र तो ठाऊक आहे, कारण त्यांना ती पट्टी हवी होती आणि ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या नेमक्या कोणत्या कॅल्क्युलेटरातली, हे शोधल्यावाचून गत्यंतर नव्हते.

याच चित्रपटातील बंदुकांची कथाही तशीच. हान सोलोचे ब्लास्टर म्हणजे जर्मनीतील माउझर कंपनीचे १८९६ सालच्या आराखड्याचे पिस्तूल, त्यावर दुर्बीण आणि नळीच्या टोकाला एका जर्मन विमानी मशीनगनचा ज्वालारोधक. याच जातीचे पिस्तूल तरुण विन्स्टन चर्चिल यांनी १८९८ मध्ये सुदानातील ओमदुर्मानच्या लढाईत वापरले होते. पांढऱ्या चिलखतातील स्टॉर्मट्रूपर सैनिकांच्या हातात असते ती ब्रिटिश सैन्याची स्टर्लिंग सबमशीनगन. तिला आखूड मॅगझिन लावले, वर रणगाड्यावरची दुर्बीण बसवली आणि नळीच्या जाळीदार आवरणावर लाइटसेबरवरच्या त्याच टी-छेदी पट्ट्या चढवल्या, की साम्राज्याचे शस्त्र तयार. काही दृश्यांत तिच्यातून खरोखरच आवाजी काडतुसे उडालेली दिसतात. आणि हीच स्टर्लिंग भारतात परवान्याने कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार झाली. ‘कार्बाइन’ या नावाने ती अनेक दशके आपल्या जवानांच्या आणि पोलिसांच्या खांद्याला राहिली. सरकारी इमारतीच्या दारावरचा पोलीस आणि अंतराळातील दुष्ट साम्राज्याचा शिपाई यांच्या हातांत एकाच आराखड्याचे शस्त्र होते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. (या चित्रपटाचे वेशभूषाकार जॉन मोलो हे मुळात लष्करी गणवेशांचे अभ्यासक होते, हेही जाता जाता नोंदवावे.)

आता मुख्य मुद्दा. अशी वस्तू घरी बनवायची म्हणजे काय करायचे?

आराखडा उपलब्ध नाही. मूळ वस्तू खासगी संग्रहात किंवा काचेपलीकडे. हाती आहे तो चित्रपट, त्याची प्रसिद्धिछायाचित्रे, चित्रीकरणाच्या वेळी कोणी टिपलेली काही छायाचित्रे आणि ज्यांनी ती वस्तू बनवली त्यांनी अनेक वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणी. यांतील प्रत्येक साधनात काही ना काही खोट आहे. चित्रपटातील वस्तू हलती, धूसर, अर्धीमुर्धी झाकलेली. प्रसिद्धिछायाचित्र कधी उलटे छापलेले, म्हणजे डावीकडचे बटण उजवीकडे. आठवणी सांगणारा प्रामाणिक असला, तरी तीस-चाळीस वर्षांनी तपशिलांची सरमिसळ ठरलेली. मग प्रतिकृतीकार एक साधन दुसऱ्याशी ताडून पाहतो. एखाद्या भागाची ओळख पक्की झाली, की त्या भागाचे खरे माप मिळते आणि त्याच्या प्रमाणावरून शेजारच्या अनोळखी भागांची मापे काढता येतात. ग्राफ्लेक्सचा चिमटा ओळखीचा असेल, तर त्याच्या वरच्या नळीचा व्यास अंदाजे किती, हे गणिताने सांगता येते. मग त्या व्यासाची, त्या घाटाची नळी जगात कशाकशात असू शकते याचा शोध सुरू होतो. कोणी विमानांच्या भंगाराचे बाजार धुंडाळतो, कोणी जुनी सूचीपत्रे चाळतो. ओबी-वानच्या मुठीतील भाग असेच, एकेक करून, वर्षांच्या अंतराने उकलत गेले. ग्रेनेडचा शोध लावणाऱ्याला पहिल्या महायुद्धातील दारूगोळ्याची ओळख हवी होती, नळीचा शोध लावणाऱ्याला जेट इंजिनांची आणि नळाच्या चावीसाठी तर कोणाला तरी ब्रिटिश न्हाणीघरांकडे बारकाईने पाहावे लागले असणार.

इतिहासाच्या वर्गात याला साधनचिकित्सा म्हणतात. पहिल्याच सत्रात ती शिकवली जाते आणि पुष्कळ विद्यार्थी ती परीक्षेपुरती शिकतात.

साम्य एवढ्यावर थांबत नाही. चित्रपटातील वस्तू एकच कधी नसते. जवळून टिपायच्या दृश्यासाठी एक, मारामारीसाठी दुसरी, कमरेला लटकवण्यासाठी तिसरी. पुढच्या चित्रपटात आणखी बदल. १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये ल्यूकच्या मुठीच्या चिमट्यातून बुडबुड्यांची पट्टी गेली आणि तिथे विद्युतमंडलाच्या जोडणीची पट्टी आली. मग ‘खरे’ लाइटसेबर कोणते? अनुभवी प्रतिकृतीकार हा प्रश्न असा विचारतच नाही. तो सांगतो की ही अमुक चित्रपटातील अमुक दृश्यातील प्रत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा त्यांनीही व्यासांच्या मुखातून निघालेला आद्य पाठ परत मिळवल्याचा दावा केला नव्हता. उपलब्ध हस्तलिखितांवरून मागे जाता येईल तेवढे मागे जायचे, पाठभेद तळटीपांत द्यायचे आणि जे नंतरचे वाटते ते वेगळे काढून दाखवायचे, ही त्यांची शिस्त होती. महाकाव्याची आणि सिनेमातल्या मुठीची तुलना काहींना आगाऊपणाची वाटेल. पण वस्तूचे मोल वेगळे असले म्हणून पद्धतीचे मोल बदलत नाही. मुठीच्या पाठभेदांवर रात्री जागवणारा विशीतला मुलगा नकळत जी शिस्त अंगी बाणवतो, ती त्याला कोणत्याही दप्तरखान्यात उपयोगी पडेल.

पात्याविषयी दोन शब्द. पाते घरी बनवता येत नाही, कारण ते चित्रीकरणातही नव्हते. अभिनेत्यांच्या हाती प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या दांड्या होत्या. काही मोटरने फिरत. नंतर चित्रफितीवर चौकटीमागून चौकट हाताने प्रकाश भरला गेला. त्या पात्याचा गुणगुणता आवाज ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांनी जुन्या प्रक्षेपकाच्या मोटरीची घरघर आणि दूरचित्रवाणी संचाचा गुंजारव मिसळून तयार केला. म्हणजे पाते ही निव्वळ कल्पना आणि मूठ ही निव्वळ वस्तू. प्रतिकृतीकाराचे सारे लक्ष मुठीवर एकवटते ते यामुळेच.

आणि इथेच या छंदाची दुखरी बाजू सुरू होते.

ल्यूकची मूठ ज्यावरून झाली, तो ग्राफ्लेक्सचा दांडा मुळात काय होता? ग्राफ्लेक्स ही न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरची कंपनी. तिची पाळेमुळे फोल्मर अँड श्विंग या एकोणिसाव्या शतकातील व्यवसायात. पुढे ती कोडॅककडे गेली आणि मक्तेदारीविरोधी कायद्याच्या रेट्यामुळे १९२६ मध्ये तिथून पुन्हा वेगळी झाली. फोल्मर ग्राफ्लेक्स हे तिचे नाव १९४५ पर्यंत चालले. त्यानंतर नुसते ग्राफ्लेक्स. दांड्याच्या बुडावर यांतील कोणते नाव ठसवले आहे, यावरून तो साधारण केव्हाचा हे सांगता येते. पुराभिलेखावरील राजाच्या बिरुदावरून काळ ठरवावा तसेच हे. कंपनीचा स्पीड ग्राफिक कॅमेरा म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातील वृत्तछायाचित्रकाराची ओळखच होती. जो रोझेंथाल यांनी २३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमाच्या डोंगरावर ध्वज उभारणाऱ्या सैनिकांचे छायाचित्र टिपले ते याच कॅमेऱ्याने. न्यूयॉर्कच्या रात्रीचे गुन्हे आणि गर्दी टिपणाऱ्या वीजीचाही हाच कॅमेरा. दांड्यात तीन जाडे सेल, वर परावर्तकाची ताटली आणि तिच्यात एकदाच पेटणारा बल्ब. एक छायाचित्र टिपले की बल्ब जळून जाई आणि तो बदलेपर्यंत पुढचा क्षण निसटलेला असे. म्हणून तो छायाचित्रकार क्षण निवडायला शिकत असे.

या कॅमेऱ्याचे आपल्याकडचे नाते शोधायला फार दूर जावे लागत नाही. नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. साडी नेसलेल्या होमाईंच्या हातात भलामोठा स्पीड ग्राफिक कॅमेरा असलेले छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. सत्तांतराच्या दिवसांची, नेहरूंची, गांधीजींच्या अंत्ययात्रेची त्यांनी टिपलेली छायाचित्रे आज आपल्या राष्ट्रीय स्मृतीचा भाग आहेत. त्या पिढीच्या हत्यारांपैकी एक हत्यार म्हणजे हा दांडा.

आज असा दांडा बाजारात आला की तो बहुधा छायाचित्रकाराकडे जात नाही. तो लाइटसेबर बनवणाऱ्याकडे जातो. किमती इतक्या चढल्या आहेत की अनेकदा संपूर्ण जुन्या कॅमेऱ्यापेक्षा त्याच्या फ्लॅशचा दांडा महाग पडतो. जुन्या कॅमेऱ्यांचे जाणकार यावर वर्षानुवर्षे चरफडत आहेत आणि त्यांची चरफड रास्त आहे. दांडा हाती आला की परावर्तक बाजूला निघतो. पट्ट्यांसाठी कधी भोके पाडली जातात, बुडाला कडी बसवण्यासाठी आणखी भोके. आत दिवे आणि ध्वनियंत्र बसवायचे तर सेलचे मूळ संपर्क उपटून काढले जातात. मग चमक यावी म्हणून घासणे. एखाद्या दांड्यावर त्याच्या पहिल्या मालकाची आद्याक्षरे किंवा वृत्तपत्राचे नाव कोरलेले असू शकते. घासण्यात तेही जाते. कोणा वार्ताहराने आगीच्या, अपघाताच्या, मोर्चाच्या जागी धरलेली वस्तू कधीच न घडलेल्या युद्धातील शस्त्र होऊन भिंतीवर लागते. जुन्या वाड्यांतील दप्तरे रद्दीत गेली म्हणून हळहळणाऱ्या समाजाला यातले दुःख समजावून सांगावे लागू नये.

यावर प्रतिकृतीकारांचे एक उत्तर असते आणि ते टाकाऊ नाही. ते म्हणतात, हे दांडे हजारोंनी तयार झाले. विजेरी फ्लॅश आल्यावर ते मोडीतच निघाले होते. ‘स्टार वॉर्स’ नसता तर उरलेलेही वितळवले गेले असते. आमच्या मागणीमुळेच लोक माळ्यावरच्या पेट्या उघडतात आणि आमच्यामुळेच ग्राफ्लेक्स हे नाव विशीतल्या मुलांना माहीत आहे. शिवाय ख्रिश्चन यांनी तरी काय केले? त्यांनीही तोच दांडा घेतला आणि त्यावर पट्ट्या चिकटवल्या.

पहिला भाग बराचसा खरा आहे. या छंदामुळे वस्तू वाचल्या आणि त्यांच्याविषयीचे ज्ञानही वाचले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वस्तू वाचवून मग ती कापणे याला जतन म्हणता येत नाही. आणि ख्रिश्चन यांचा दाखला इथे लागू होत नाही. १९७६ मध्ये तो दांडा फार तर तीसएक वर्षांपूर्वीचा, दुकानदारालाही नकोसा झालेला माल होता. आज तोच ऐंशीच्या घरातला आहे आणि त्याच्या पिढीची माणसे जवळजवळ संपली आहेत. जुन्या इमारतींना मोठे झाल्यावर संरक्षण मिळते, ते त्या तरुण असताना कोणी त्यांच्याशी कसे वागले यावर ठरत नाही. ख्रिश्चन चित्रपट बनवत होते, जो त्यापूर्वी अस्तित्वात नव्हता. प्रतिकृतीकार जे बनवतो आहे ते आधीच अस्तित्वात आहे. त्यासाठी दुसरे काही नष्ट करावे लागण्याचे कारण उरत नाही.

तसे कारण आता तांत्रिकदृष्ट्याही उरलेले नाही. साधारण दीड इंच व्यासाची ॲल्युमिनियमची नळी कोणत्याही धातूच्या दुकानात मिळते. अमेरिकेतील जुने हौशी लोक तर स्वयंपाकघराच्या मोरीखालची क्रोम केलेली नळी वापरून सुरुवात करत आणि ती पहिली मूठ आयुष्यभर जपत. लेथवर काम करणारा कुशल माणूस बूस्टरच्या खाचा एका दुपारीत काढून देईल. त्रिमितीय मुद्रक असेल तर ग्रेनेडचे शरीर रात्रभरात छापून होते. मग त्यावरच्या थरांच्या रेषा पॉलिशपेपरने घासायच्या, प्रायमरचा हात द्यायचा, पुन्हा घासायचे, धातूचा रंग फवारायचा. तो वाळला की पातळ काळा रंग फासून लगेच पुसून घ्यायचा, म्हणजे खाचांत मळ साचल्यासारखी काजळी राहते. वस्तू हाताळून जुनी झालेली दिसते ती या शेवटच्या पायरीमुळे. यात कष्ट आहेत, पण कष्टांसाठीच तर हा छंद. शिवाय लहान उत्पादक आज मुळाबरहुकूम धातूचे नवे दांडे बनवतात. मूळ दांडा हवाच असेल तर तो घ्यावा, मोजावा, सर्व बाजूंनी टिपून ठेवावा, परावर्तकासकट कपाटात ठेवावा आणि लाइटसेबर दुसऱ्या नळीचे करावे. भोक एकदा पडले की ते बुजवता येते, पण पाडले नव्हते असे करता येत नाही.

दुसरे बंधन प्रामाणिकपणाचे. बंदुकीच्या प्रतिकृतींबाबत हे बंधन कायद्यानेच घातले आहे. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने खेळण्यातील बंदुकीच्या नळीला ठळक रंगाचे टोक बंधनकारक झाले. ब्रिटनने २००६ मध्ये खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुकांच्या निर्मितीवर आणि विक्रीवर निर्बंध आणले. नकलेने आपण नक्कल आहोत हे स्वतःच सांगितले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. घरी हान सोलोचे माउझर बनवणाऱ्याने ते जिवाच्या भीतीनेही पाळावे, कारण रस्त्यावरच्या पोलिसाला आकाशगंगेची माहिती असेलच असे नाही. लाइटसेबरला कोणी घाबरत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत हे तत्त्व विसरले जाते. पण तिथे धोका वेगळा आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हान सोलोचे एक मूळ ब्लास्टर अमेरिकेतील लिलावात १०,५७,५०० डॉलरला गेले. जिथे मूळ वस्तूला दहा लाख डॉलर मिळतात, तिथे उत्तम प्रतिकृती ही आजच्या कारागिराची कलाकृती असते आणि उद्याच्या लबाडाचा कच्चा माल. मूळ कोणते हा प्रश्न इथे आधीच बिकट आहे. शस्त्रागारांकडून भाड्याने आणलेल्या बंदुका चित्रीकरण संपताच परत जात आणि त्यांवरचे जोडकाम उतरवले जाई. अशा क्षेत्रात चांगल्या प्रतिकृतीकाराने मुठीच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, आपले चिन्ह आणि साल कोरून ठेवावे. काही जण ते करतातही. ते सर्वांनी केले, तर पन्नास वर्षांनी या वस्तू तपासणारा संशोधक त्यांना दुवा देईल.

तिसरी गोष्ट तक्रारीच्या जातीची आहे आणि तिचा रोख प्रतिकृतीकारांपेक्षा इतिहासाच्या विभागांकडे अधिक आहे. ग्रेनेडची ओळख, कॅल्क्युलेटरची पट्टी, टी-छेदी पट्ट्यांचा उगम हे सारे ज्ञान गप्पांच्या ओघात, टोपणनावांनी, पुराव्याची छायाचित्रे दुसरीकडे साठवलेल्या दुव्यांवर टाकून लिहिले गेले आहे. दुवा तुटला की पुरावा गेला. कोणी प्रथम ओळखले, कशावरून ओळखले, आधी कोणता चुकीचा अंदाज होता, हा सारा मागोवा विरत चालला आहे. विद्यापीठातील अभ्यासकाने यात हात घातला असता तर हे टिकले असते. पण भौतिक संस्कृतीचा अभ्यास म्हटले की आपल्याकडे विटा, खापरे आणि नाणी यांच्यापुढे पाऊल पडत नाही. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांचा इतिहास लिहायचा तर ज्यांनी त्या वस्तू हातात घेऊन मोजल्या, त्यांच्या दारात जावे लागेल. ते लोक दार उघडायला बहुतेक वेळा तयारच असतात. विषय काढला की थांबत नाहीत, एवढीच अडचण.

ओबी-वानच्या मुठीतील पाच वस्तूंपैकी चार कुठे ना कुठे सुरक्षित आहेत. रायफल-ग्रेनेड युद्धसंग्रहालयांत आहेत, ब्राउनिंग मशीनगन आणि डरवेंट इंजिने विमानसंग्रहालयांत आहेत, ग्राफ्लेक्सचे कॅमेरे छायाचित्रणाच्या संग्रहांत आहेत. नळाच्या चाव्या मात्र कोणी जपून ठेवत नाही. न्हाणीघर नवे केले की प्लंबर जुनी तोटी काढून भंगाराच्या पिशवीत टाकतो. सत्तरच्या दशकातील ब्रिटिश घरांत लोक रोज सकाळी जी चावी फिरवत, तिचा घेर, तिच्या कडेच्या खोलगट खाचा, तिच्या माथ्यावरील चकतीची जाडी ही मापे आज आहेत ती लाइटसेबर बनवणाऱ्या कोणाच्या तरी संगणकातील एका फाइलमध्ये. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या नगावरून घेतली, हे त्या फाइलवर लिहिलेले असेलच असे नाही.